क्लिनर साइडचा दिवा

१० मे, रविवार

परवा अंबाजोगाईच्या पक्षाच्या शिबिरात वक्त्याने सांगितलं की पुढे यायचं असेल तर कार्यकर्त्याने रोज चार ओळी लिहाव्यात. म्हणून ही वही काढली. पहिल्याच दिवशी चांगलं लिहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

अधिक महिना लागायच्या आत सगळ्यांना लग्नं उरकायची आहेत. आज तीन मांडव केले, शेवटचा घाटनांदूरला. पंचायत समितीला उभं राहायचं तर हे करावंच लागतं. जेवलो नाही तरी चालतं, गाडी मांडवासमोर उभी दिसली पाहिजे. परत येताना दिवस मावळला आणि तेलगावच्या अलीकडे क्लिनर साइडचा हेडलाइट गेला. ड्रायव्हर साइडचा चालू. बंपरवर मी बसवून घेतलेले निळे-पांढरे जादा दिवे तर झकास लुकलुकत होते. पण त्यांनी रस्ता दिसत नाही, नुसती शोभा होते, तीही जवळून. समोरच्या ट्रकवाल्याला वाटलं मोटरसायकल येतेय. तो आमच्या अंगावरच आला. थोडक्यात वाचलो.

रोहिणी शेजारी बसली होती. म्हणाली, "पंधरा दिवस झाले, त्या काचंत पाणी दिसतंय. मी म्हणलं व्हतं तुमाला."

बायको नर्सिंग शिकलेली आहे, पण गाडीतलंही तिलाच कळतं. मी खाली उतरून काच बघितली आणि गाडी काढली. ती मात्र माजलगाव येईपर्यंत दाराचं हँडल धरून होती.

१२ मे

बीडला शोरूमला गेलो. टाय लावलेला एक पोरगेला माणूस गाडीभोवती फिरला, फोटो काढले आणि म्हणाला, "साहेब, पूर्ण युनिट बदलावं लागेल."

मी म्हणालो, "बल्ब बदल ना."

"यात बल्ब नसतो. आतमध्ये एलईडी आहे, तो पट्टीला डकवलेला, पट्टी डब्यात, डबा काचेनं बंद. उघडत नाही. काही झालं तरी अख्खा डबा नवा."

किंमत सांगितली. अठ्ठेचाळीस हजार, एका बाजूचे, बसवणावळ वेगळी. माझ्या वडिलांनी अख्खी जीप यापेक्षा कमी पैशात घेतली होती. त्या जीपचा बल्ब गेला की ते धोतराच्या सोग्याने काच पुसून दहा मिनिटांत नवा टाकत.

मी म्हणालो, "वॉरंटी आहे अजून."

त्याने बॉनेटखाली बोट दाखवलं. जादा दिव्यांना वीज द्यायला मिस्त्रीने हेडलाइटचीच वायर सोलून जोड मारला होता. त्या जोडातून लोड आला, रबरी बूच ढिलं झालं, तिथून गाडी धुताना पाणी गेलं, असं त्याचं म्हणणं. "बाहेरची वायरिंग केली की वॉरंटी संपते साहेब. पुस्तकात लिहिलंय."

पुस्तक कोण वाचतो. तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या गाडीला तसे दिवे आहेत. कंपनीला गिऱ्हाईक लुटायचंच आहे, कारण कुठलंही चालतं. फार संताप आला. त्याच्या टायला धरून ओढावं असं वाटलं.

१४ मे

बसस्टँडमागच्या तानाजीने दिवा काढला, गरम हवा मारून काच सोडवली, आतली पट्टी बदलली आणि सिलिकॉन लावून काच परत चिकटवली. दिवा लागला. तानाजी म्हणाला, "भाऊ, गॅरंटी मागू नका. हे खोलायसाठी बनवलेलंच न्हाई."

मी त्याला चहा पाजला. शोरूमच्या टायवाल्याला दाखवायला हवं होतं.

१९ मे

काचेत धुकं धरलंय. सकाळी थेंब होते, दुपारी दिवा गेला. तानाजी फोन उचलत नाही. शोरूमला विचारलं तर टायवाला म्हणाला, आता तर युनिट उघडलेलंच आहे, आता आम्ही हातही लावू शकत नाही. नवंच घ्या.

ऐन बियाण्याच्या दिवसांत माझ्या कृषी केंद्रातून एवढी रक्कम काढणं शक्य नाही. शिवाय का काढावी, हाही प्रश्न आहे. ही गाडी मी विकत घेतलेली नाही.

२० मे

आई आज सहज बोलून गेली आणि माझ्या डोक्यातला गुंता सुटला. म्हणाली, "धोंड्याचा महिना लागलाय. लग्नानंतरचा तुझा पहिला धोंडा. पाटोद्याहून बोलावणं येईल. अंगठी करायची म्हणत होती तुझी सासू."

अंगठीचं मी काय करू? बोटातली अंगठी कोणाला दिसते? तीन वर्षांनी एकदा हा महिना येतो, जावयाला वाण द्यावंच लागतं. ते अंगठीऐवजी हेडलाइट देतील. गाडी त्यांनी दिली, दिवा त्या गाडीचाच. यात मागणं कुठे आलं?

हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण लोक काहीही बोलतात: आम्ही हुंडा घेतलेला नाही. आईने लग्न ठरताना एवढंच म्हटलं होतं की पोराला गाडीची आवड आहे. बाकी त्यांनी हौसेने केलं. माझे सासरे रामहरी मामा यांची पाटोद्यात पिठाची गिरणी आहे, जोडीला मिरची कांडायचं यंत्र. बाजारच्या दिवशी बायका दारात रांग लावतात. बरं चाललेलं आहे.

रोहिणीला म्हणालो, घरी फोन करून सांग. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी न्हाई करणार."

"कावून?" मी विचारलं.

"मला लाज वाटती म्हणून."

स्वतःच्या आईबापाशी बोलायला कसली लाज? शेवटी आईनेच फोन लावला. आई अशा वेळी फार गोड बोलते. रोहिणीने तव्यावरची भाकरी उलटायला उशीर केला आणि ती करपली. तीच माझ्या ताटात आली.

२३ मे

दुकानात गर्दी असताना रामहरी मामांचा फोन आला. ते बीडला स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभे होते. एवढ्या उन्हात एसटीने गेले होते म्हणे.

"जावाईबापू, हे पोरगं इचारतंय डावा का उजवा. तुमी सांगा, मला त्यातलं काय समजंना."

मी गिऱ्हाईक सोडून मुद्दाम बाहेर आलो, गाडीच्या समोर उभा राहिलो, नीट बघितलं. गेलेला दिवा माझ्या उजव्या हाताला. म्हणालो, "उजवा, मामा. शंभर टक्के उजवा."

"बगा हं. उघडलेलं खोकं परत घेत न्हाईत म्हणतेत."

"मी गाडीसमोरच उभा आहे मामा."

त्यांचं समाधान झालं. बरं वाटलं. कितीही म्हटलं तरी माणूस जावयाची कदर करणारा आहे. संध्याकाळी रोहिणीला सांगितलं, बघ, तुझ्या वडिलांना काही वाटलं नाही. ती म्हणाली, "त्यांना वाटलेलं ते तुमाला सांगतील का?" मग मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हिला आनंद कशानेच होत नाही.

२८ मे

रोहिणीच्या मैत्रिणीने पाटोद्यात कुठल्या दवाखान्यात नर्सची जागा निघाल्याचं कळवलंय. रोहिणीने मला नुसतं सांगितलं, विचारलं नाही. मीही नुसतं ऐकलं. पंचायत समितीच्या उमेदवाराची बायको इंजेक्शनं टोचत फिरली तर मतदार काय म्हणतील? हे लग्नाआधीच बोलणं झालेलं आहे. झालं होतं बहुतेक. त्यांच्याकडून कोणी विरोध केला नव्हता, एवढं नक्की.

३१ मे, रविवार

पाटोद्याहून आत्ताच आलो. एकटा. 

धोंडा जेवायला सकाळीच पोचलो होतो. सासरच्यांनी तयारी चांगली केली होती, ते नाकारत नाही. माझ्या सासूबाई दगडाबाई मामींनी पहाटेपासून पुरणाचे धोंडे तळले होते, तेहतीस, मोजून. गल्लीतले पाचपन्नास लोक जेवायला. गिरणी बंद ठेवून तिथेच पंगती मांडल्या. मिरचीचं यंत्र असायचं ती जागा मोकळी होती, त्यामुळे प्रशस्त वाटत होतं. मी म्हटलंही, मामा, हे बरं केलंत, बसायला जागा झाली. मामा म्हणाले, "व्हय, झाली जागा." रोहिणी वाढता वाढता थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे तिलाही ते नवीनच असावं.

मला पाटावर बसवलं. मामींनी पाण्याने, मग दुधाने पाय धुतले. मामांनी धोंड्यांचं ताट वर दिवा ठेवून पुढे धरलं आणि त्यासोबत ते मोठं खोकं, वर खण टाकलेलं. सगळी गल्ली बघत होती. मामा खाली वाकून म्हणाले, "नारायण समजून देतो, गोड मानून घ्या."

मी खण काढला. खोक्यावरची चिठ्ठी वाचली. ड्रायव्हर साइड.

मी म्हणालो, "मामा, हा उजवा आहे."

"व्हय. तुमी उजवा म्हणलता."

"मी समोर उभा होतो. समोरून उजवा."

त्यांना कळलं नाही. मागून कोणीतरी पोरगं हसलं, बहुतेक वाढणाऱ्यांपैकी. ते म्हणालं की डावं-उजवं गाडीत बसून धरतेत, गाडीपुढं हुभं राहून न्हाई. आता याला काय अर्थ आहे? कोणतीही वस्तू माणूस समोरून बघतो. फोटो समोरून काढतो. काउंटरवरच्या माणसाने खुलासा विचारायला हवा होता, आणि मामांनी तो माझ्याकडून करून घ्यायला हवा होता. एवढ्या किमतीची वस्तू घेताना जबाबदारी घेणाऱ्याची असते. मी तेच बोललो. आवाज चढला असेल. "एक वस्तू नीट घेता येत नाही तर देता कशाला" असं काहीतरी म्हणालो. गिरणीवाल्यांना गाड्यांतलं काय कळणार, असंही म्हणालो. ते म्हणायला नको होतं, पण लोक हसले होते आणि हसण्याला उत्तर द्यावं लागतं. मी उठलो. उठताना ताट बाजूला झालं. दिवा विझला, दोन-तीन धोंडे फरशीवर गेले.

मामा हात जोडून उभे होते. "चुकलं बापू," म्हणाले. "माझं चुकलं. मी दुसरा आणतो."

तिथेच थांबलं असतं सगळं. मी शांत होत आलो होतो. पण रोहिणी पुढे आली, तिने वडिलांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि खाली बसून एकेक धोंडा उचलायला लागली.  मी म्हणालो, चल, निघायचं. तिने वर न बघता सांगितलं, "तुमी व्हा पुढं."

मला वाटलं रात्रीपर्यंत येईल कोणासोबत तरी. पाटोदा सोडून दोन कोसांवर लक्षात आलं की तिने बॅगही गाडीतून काढून घेतली होती. कधी काढली कोण जाणे.

१ जून

चहा स्वतः केला. साखरेचा डबा कुठे असतो ते आईला विचारावं लागलं, आणि तिलाही सापडला नाही.

४ जून

चौकात रामकिसनच्या हॉटेलसमोर गाडी लावली तर आतून कोणीतरी म्हणालं, "आली बे काणी गाडी." सगळे हसले. मीही हसलो, पर्याय नव्हता. मतं मागायची आहेत.

रोहिणीला मी फोन केलेला नाही. चूक तिच्या माणसांची, फोन तिने करायला हवा. आई म्हणते, राहू दे चार दिवस, अधिक संपला की येईल. कुठे जाते?

रात्री घरात फार गप्प गप्प वाटतं. ती असतानाही फार बोलत नव्हती. तरी ते वेगळं होतं.

८ जून

आज तिला फोन केला. तिने उचलला. मी म्हणालो, दिव्याचं काय झालं? बोलायला सुरुवात कुठून तरी करावी लागते.

 ती म्हणाली, "दादा आणतेत," म्हणजे तिचे वडील, आणि फोन ठेवला.

याचा अर्थ तिकडे तयारी चालू आहे. म्हणजे राग निवळला. इतके दिवस उगाच काळजी केली.

१२ जून

रामहरी मामा आले. सकाळच्या एसटीने, नवं खोकं मांडीवर घेऊन. क्लिनर साइड. पहिला उजवा त्यांनी कोणा गॅरेजवाल्याला पडत्या भावात दिला, असं काहीतरी सांगत होते. मी खोलात गेलो नाही, जुनं उकरून काढण्यात अर्थ नसतो. तानाजीला बोलावून दिवा बसवून घेतला. तो काम करत होता तोवर मामा उन्हातच गाडीजवळ उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. पाणीही उंबऱ्याबाहेर घेतलं.

दिवा लागला. दोन्ही एकसारखे, पांढरे स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी मामांच्या पाया पडलो. खरंच पडलो. त्यांनी पाय मागे घेतले.

म्हणाले, "बापू, बसला का नीट?"

"एकदम फिट."

"मंग आमच्याकडून तुमचं काय देणं राहिलं न्हाई आता."

मी म्हणालो, अहो मामा, देण्याघेण्याची भाषा कशाला, आपण घरची माणसं. त्यांनी पिशवीची घडी उलगडली. मग म्हणाले, "रोहिणीचे नर्सिंगचे कागद मागितलेत तिनं. कपाटात खालच्या खणात हायत म्हणती."

काढून दिले. फाइलला धूळ होती, ती मी पुसून दिली. आता तिची नोकरीची हौस चार दिवस भागली तर भागू दे, असा विचार केला. माणसाने थोडं मोठं मन ठेवावं. फाइल पिशवीत घालून ते स्टँडकडे चालत गेले. गाडीने सोडतो म्हणालो, नको म्हणाले.

आईला हे सगळं सांगितलं. वाटलं खूश होईल. ती "देणं राहिलं न्हाई" या वाक्यावर अडली. दोनदा विचारलं, "असंच म्हणाला का तो?" मग देवघरात जाऊन बसली.

१४ जून, रविवार

उद्या अधिक संपतो. आजच तिला घेऊन यावं म्हणून निघालो. गाडी धुतली, बंपरवरचे जादा दिवे तानाजीकडून काढून टाकले. तिला ते कधीच आवडले नव्हते, हे मला वाटेत आठवलं, तिला सांगायला बरं पडेल असं वाटलं.

पाटोद्यात शिरताना उजेड होता तरी दोन्ही दिवे लावले. दारात उभा राहून हॉर्न दिला. दगडाबाई मामी पाणी घेऊन आल्या. तांब्या पुढे केला तेव्हा दिसलं की हातात नुसत्या काचेच्या बांगड्या आहेत. लग्नात, धोंड्यातही, सोन्याच्या पाटल्या होत्या. मी पाणी प्यालो. 

रोहिणी बाहेर आली. पांढरा कोट हातावर टाकलेला होता. दवाखान्यातून आत्ताच आली असावी. मी म्हणालो, "चल. दोन्ही दिवे लागलेत."

"बघितले."

"मग सामान घे."

ती पायरीवरच उभी राहिली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही बोलता आलं असतं.

"मी न्हाई येणार. तुमाला दिवा पायजे व्हता, तो तुमाला भेटला. दादांनी यंत्र इकलं, आईनं पाटल्या इकल्या. आता घरात इकायजोगी मीच राहिले, आन मला कुणी इकणार न्हाई."

"मी विकायला सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. ते खरं आहे. मी सांगितलं नव्हतं.

"न्हाई सांगितलं. इचारलंबी न्हाई. माझा बाप ताट धरून वाकला व्हता आन तुमी ते पायानं सारलं."

"पायानं नाही. उठताना लागलं."

"मी शेजारी हुभी व्हते," ती म्हणाली.

मी पुष्कळ बोललो. लोक काय म्हणतील, निवडणूक तोंडावर आहे, आई आजारी पडेल, गाडी तुझ्याच वडिलांची आहे म्हणून इतके दिवस जपली. ती ऐकत होती, दवाखान्यात पेशंटचं ऐकत असेल तसं. माझं संपल्यावर म्हणाली, "त्या दिवशी तेलगावला ट्रक अंगावर आला तवा मी लई भेले व्हते. तुमी खाली उतरलात, पुढं जाऊन काच बघितली, परत येऊन गाडी चालू केली. मला लागलं का, एवढं इचारलं असतं तर मी हितं नसते."

मला ते आठवत नव्हतं. खूप आठवून बघितलं. मी उतरलो होतो, काच बघितली होती, हे आठवलं. परत बसल्यावर शेजारी तिचा चेहरा कसा होता ते काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

मामा आत गिरणीचा पट्टा चढवत होते, त्यांनी मान वर केली नाही. रोहिणी म्हणाली, "अंधार पडायच्या आत निघा," आणि आत गेली. दार तिने आपटलं नाही, नुसतं लोटलं.

येताना रस्ता स्वच्छ दिसत होता, कडेच्या बाभळींचं पान न् पान दिसत होतं. मांजरसुंब्याच्या पुढे गाडी कडेला घेतली आणि रडलो. कशासाठी रडतोय हे धड सांगता येत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. मागून येणारा एकजण थांबून विचारून गेला, काही लागलंय का म्हणून.

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर वाट बघत बसली होती. आधी तिने मागच्या सीटकडे बघितलं, मग पुढच्या. म्हणाली, "सून कुठंय?"

मी म्हणालो, "दोन्ही दिवे लागतात."